ऑन लोक

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को हे मोठे बंदर आहे. तेथील चिनी वस्तीत अनेक वृद्ध राहत. हातपाय थकल्यावर त्यांनी जावे कोठे? वस्तीत शुश्रूषागृह नव्हते. बाहेरच्या शुश्रूषागृहात भाषा परकी, अन्नही परके. स्वजनांपासून तोडून केलेली शुश्रूषा ही शिक्षाच नव्हे काय?

१९७१ साली दंतवैद्य विल्यम जी, समाजसेविका मरी-लुइस अन्साक प्रभृतींच्या पुढाकाराने ‘ऑन लोक’ ही संस्था निघाली. कँटनी भाषेत याचा अर्थ ‘शांत, सुखी निवास’. शुश्रूषागृह बांधणे फार खर्चाचे होते. म्हणून ब्रिटनमधील दिवसापुरत्या रुग्णालयांचा कित्ता गिरवून १९७३ साली तिने दिवसाचे केंद्र उघडले. सकाळी गाडीने यावे. औषधपाणी, व्यायाम, ओळखीच्या चवीचे जेवण व चार गप्पा झाल्या की आपल्या घरी परतावे, असा हा क्रम.

वैद्य, परिचारिका, समाजसेवक एकत्र बसून प्रत्येकाचा विचार करतात. त्या मंडळीत गाडीचा चालकही असतो! आजोबा आज जिना उतरताना दोनदा थांबले, हे प्रथम त्यालाच दिसते.

संस्थेला माणशी दरमहा ठरलेली रक्कम मिळते. रुग्णालयाचा खर्चही तिनेच त्यातून भागवायचा. त्यामुळे हाड मोडण्यापूर्वीच न्हाणीघरात कठडा बसविणे तिच्या हिताचे ठरते. (हात आखडता घेण्याचा मोहही येथेच संभवतो, त्यासाठी सरकारी देखरेख असते.)

१९९७ च्या कायद्याने या पद्धतीला अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्यात कायमचे स्थान मिळाले. शुश्रूषागृहात ठेवावे लागेल इतक्या दुर्बल वा अपंग, किमान ५५ वर्षांच्या व्यक्तींसाठी ती आहे. त्यांतील बहुतेक जण आजही आपापल्या घरीच झोपतात.