संयुक्त डिजिटल दस्तऐवज : वर्णन आणि जोडणी

चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या आवडी येथे जानेवारी १९५५ मध्ये उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ हे नियोजनाचे उद्दिष्ट मानणारा ठराव तेथे संमत झाला. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ही घटना एका ओळीत येते. तिचा पुरावा मात्र एका कागदात मावत नाही. हे उद्दिष्ट लोकसभेने डिसेंबर १९५४ मध्येच स्वीकारले होते आणि पुढे ३० एप्रिल १९५६ चा औद्योगिक धोरण ठराव व दुसरी पंचवार्षिक योजना (१९५६-६१) यांतून त्याला प्रत्यक्ष रूप मिळाले.

हे दस्तऐवज एका ठिकाणी नाहीत. लोकसभेतील चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, तर अखिल भारतीय काँग्रेस समितीची कागदपत्रे दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात, म्हणजेच २०२३ पासूनच्या पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालयात आहेत. ठराव, भाषणे, छायाचित्रे आणि योजनेचा मसुदा असे अनेक घटक मिळून अर्थ पूर्ण होतो, तेव्हा त्या समूहास ‘संयुक्त डिजिटल वस्तू’ म्हणतात.

वर्णनाची साधने

१९९५ पासून विकसित झालेल्या ‘डब्लिन कोअर’ या मानकात शीर्षक, कर्ता, दिनांक, विषय असे १५ घटक आहेत. एकेका वस्तूच्या वर्णनास ते सोयीचे आहेत. अशा नोंदी निरनिराळ्या संग्रहांतून गोळा करण्यासाठी ‘मुक्त अभिलेख उपक्रमा’ची कार्यपद्धती तयार झाली, तिची दुसरी आवृत्ती २००२ मध्ये आली. मात्र कोणते पान कोणत्या भाषणाचे आणि कोणता ठराव कोणत्या चर्चेनंतरचा, हे केवळ नोंदींच्या यादीवरून कळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी याच उपक्रमाने ऑक्टोबर २००८ मध्ये ‘वस्तूंचा पुनर्वापर व देवाणघेवाण’ हे मानक जाहीर केले. त्यातील प्रमुख संकल्पना तीन आहेत. ‘समुच्चय’ म्हणजे अनेक घटकांचा एक संच. त्याला स्वतःचा इंटरनेट पत्ता असतो. ‘घटक’ आपापल्या संस्थेच्या संकेतस्थळावरच राहतात; समुच्चय केवळ त्यांच्या पत्त्यांचा निर्देश करतो. ‘संसाधन नकाशा’ हे या समुच्चयाचे यंत्राला वाचता येणारे वर्णन होय. एका नकाशात एकाच समुच्चयाचे वर्णन असते, आणि नकाशा कोणी तयार केला व शेवटचा बदल कधी झाला, याची नोंद त्यात अनिवार्य असते.

आवडीच्या ठरावासाठी असा नकाशा करावयाचा झाल्यास लोकसभेची चर्चा ‘पूर्वीची’, ठराव ‘मुख्य’ आणि औद्योगिक धोरण ‘नंतरचे’, असे संबंध स्पष्टपणे लिहावे लागतील. यामुळे मूळ फाईल हलवावी लागत नाही आणि तिची प्रतही करावी लागत नाही.

दक्षतेचे मुद्दे

जोडणी हे एक विधान असते, म्हणून ती चुकीचीही असू शकते. राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. आवडीचा ठराव आणि ही दुरुस्ती यांत केवळ ‘संबंधित’ असा दुवा देणे योग्य ठरेल. परंतु पहिल्यामुळे दुसरी झाली, असे सुचविणारा दुवा अभ्यासकाची दिशाभूल करील. दुसरी अडचण पत्त्यांच्या स्थैर्याची आहे. संस्थेचे नाव किंवा संकेतस्थळ बदलताच जुने दुवे निकामी होतात. त्यासाठी प्रत्येक घटकास स्थान बदलले तरी न बदलणारा स्थायी ओळखक्रमांक देणे आवश्यक ठरते.

अभिलेख स्कॅन करणे हे काम निम्मेच आहे. कागद कोणाचा, कोणत्या क्रमातला आणि कशाशी निगडित, हे नोंदविल्याशिवाय तो सापडूनही समजत नाही. धोरणांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने एका ठरावापाशी न थांबता त्याच्या आधीचे व नंतरचे दस्तऐवज शोधावेत, हाच या मानकामागील विचार आहे.