काळे वावर आणि रंगीत नकाशा

काळे वावर पाहिले की कास्तकाराचे मन भरून येते. पण सारी काळी जमीन एकसारखी नसते.

आपल्या अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. दर्यापूरकडच्या लोकांना हे सांगायला नको. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे.

माझा एक जुना विद्यार्थी त्या पट्ट्यात शेती करतो. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्याने विहिरीत घातले. पाणी लागले तेव्हा गावाला गूळ वाटला. ते पाणी तो गव्हाला देत राहिला. तीन-चार वर्षांत वावर असे झाले, की ओले असताना नुसता चिखल आणि वाळले की दगड. माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, पानी लागलं, पन वावर गेलं."

असे का झाले? त्या पाण्यातला सोडियम मातीला धरून बसतो. मातीचे कण सुटे होतात आणि तिची बारीक छिद्रे बुजतात. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. अशा जमिनीला चोपण म्हणतात. पुष्कळदा वरची माती चांगली दिसते. दोष हात-दोन हात खाली असतो. डोळ्यांनी पाहून तो कसा कळणार?

इथे नकाशा कामी येतो. नागपूरला १९७६ साली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो सुरू झाला. मृदा म्हणजे माती. तिथली माणसे आकाशातल्या उपग्रहाने काढलेली चित्रे पाहतात. पण उपग्रहाला जमिनीच्या पोटातले दिसत नाही. म्हणून ते ठिकठिकाणी खोल खड्डे खणतात, थराथराची माती तपासतात. मग मातीची खोली एका नकाशावर, उतार दुसऱ्यावर, क्षार तिसऱ्यावर मांडतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे हे नकाशे संगणकात एकमेकांवर बसवतात. त्यातून दिसते, कोणता भाग कपाशीला चांगला, कोणता मध्यम, कोठे ओलित धोक्याचे.

मात्र एक ध्यानात ठेवा. राज्याच्या मातीच्या नकाशात कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. तुमचे ५ एकर वावर त्यात मोहरीच्या दाण्याहूनही लहान! नकाशा पट्टा सांगतो, वावर नाही. म्हणून विहिरीला हात घालण्याआधी कृषी खात्याच्या माणसाला नकाशा दाखवायला सांगा. शिवाय आपल्या वावराची वरची व खालची माती आणि शेजारच्या विहिरीचे पाणी तपासून घ्या. त्याला लागणारा खर्च विहिरीपुढे काहीच नाही.

तो विद्यार्थी आता विहिरीचे पाणी वावरात नेत नाही. मातीत जिप्सम टाकतो, पावसाचे पाणी शेततळ्यात धरतो आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा पेरतो. मागच्या वर्षी त्याने पायलीभर हरभरा आणून दिला. चवीला चांगला होता.