छापण्यापूर्वी क्षणभर

अर्ज भरून झाला, छापण्याची आज्ञा दिली आणि हाती आलेल्या कागदावर सहीची ओळच उमटली नाही, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी आपण प्रिंटरला दोष देतो. वस्तुतः संगणकातील सेटिंग जे सांगते, तेच प्रिंटर करतो.

भारतात साधारणपणे ए-फोर कागद वापरतात. त्याचा आकार २१० × २९७ मिलिमीटर असतो. अमेरिकेत रूढ असलेला 'लेटर' कागद सुमारे २१६ × २७९ मिलिमीटरचा, म्हणजे उंचीला १८ मिलिमीटरने आखूड असतो. सेटिंगमध्ये 'लेटर' राहिल्यास पानाचा तळ कापला जाऊ शकतो. म्हणून छापण्यापूर्वी प्रथम कागदाचा आकार पाहावा. नंतर प्रमाण तपासावे. छायाचित्राची चौकट नेमक्या मापाची हवी असेल, तर ते १०० टक्के ठेवावे. 'ड्राफ्ट' निवडल्यास शाई वाचते, परंतु अक्षरे फिकट उमटतात. म्हणून हा पर्याय केवळ कच्च्या प्रतीसाठी योग्य. शेवटी प्रिव्ह्यूमध्ये संपूर्ण पान नजरेखालून घालावे.

पाठगत प्रश्न
१. सहीची ओळ कापली जाण्याचे कारण दोन वाक्यांत लिहा.
२. अर्ज छापताना 'ड्राफ्ट' का निवडू नये?