रेस दिली की चढणारी शीळ

गाडीच्या स्पीकरमधून येणाऱ्या नको त्या आवाजाचे मूळ बरेचदा स्पीकरमध्ये नसते. इंजिन चालू असताना बारीक शीळ येते, रेस दिली की तिचा सूर चढतो आणि इंजिन बंद करून स्टीरिओ नुसत्या बॅटरीवर चालवला की ती थांबते. अशी शीळ ऑल्टरनेटरकडून आलेली असते. ऑल्टरनेटर एसी वीज तयार करतो. डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. स्टीरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे अर्थ बॉडीवर वेगवेगळ्या जागी असले आणि एखादा जोड कच्चा असला, की दोन्ही जागांच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि ती लहर दोघांना जोडणाऱ्या आरसीए वायरीतून आवाजात शिरते.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मात्र निदान आधीच ठरलेले असते: ‘स्पीकर गेला.’ गिऱ्हाइकाचे बोलणे पुरे होण्याआधी नव्या जोडीचा भाव सांगून होतो. नवी जोडी बसते, गाडी सुरू होते आणि तीच शीळ पुन्हा येते. त्यावर ‘डिझेल गाडीत एवढं येणारच, साहेब’ हे उत्तर तयार असते. जुने स्पीकर मागितले तर ते भंगारात गेलेले असतात. स्पीकरचा फाटलेला कोन किंवा घासणारी कॉइल खरखर करते, इंजिनाच्या वेगाबरोबर सूर चढवत नाही. रोज हेच काम करणाऱ्याला एवढे ठाऊक नसेल, हे पटत नाही.

स्पीकरला हात लावण्याआधी अ‍ॅम्प बंद करून त्याची आरसीए वायर काढावी व पुन्हा चालू करावा. शीळ गेली तर ती स्टीरिओकडून किंवा त्या वायरीतून येत होती. राहिली तर अ‍ॅम्पचा अर्थ किंवा पॉवरची वायर पाहावी. अर्थची वायर आखूड आणि पॉवरच्या वायरीइतकी जाड हवी. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून ती उघड्या पत्र्यावर आवळावी. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने न्यावी, आरसीए दुसऱ्या बाजूने. घाईत दोन्ही एकाच पट्टीखाली दाबल्या जातात, म्हणून बिल देण्याआधी पट्टी उचलून पाहावी. ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की शीळ दबते, पण स्वस्तातला असेल तर बेसही जातो.

इंजिन बंद असतानाही सतत फुसफुस येत असेल तर अ‍ॅम्पचा गेन कमी करावा. फोन चार्जिंगला असताना ऑक्सवरच आवाज येत असेल तर चार्जर काढून पाहावा. ठरावीक बेसला दार खडखडत असेल तर पॅनेलच्या क्लिपा तपासाव्यात. अर्थ पक्का करूनही शीळ राहिली आणि बॅटरी नीट चार्ज होत नसेल, तर ऑल्टरनेटरचे डायोड ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावेत.