कॉफीच्या पुड्याची कैफियत

नाशकातील ज्या गृहस्थांनी पेढीवर 'शुद्ध कॉफी' अशी पाटी टांगून मला एक पुडा विकला, त्यांचे नाव मी येथे घेणार नाही. परंतु त्या पुड्यापायी माझ्या हाताला, माझ्या किटलीला आणि सरतेशेवटी आमच्या निफाडच्या पाण्याला जो दोष ऐकून घ्यावा लागला, त्याची कैफियत कोठेतरी दप्तरी दाखल व्हावी, म्हणून हा खटाटोप.

शंकूत कागद बसवून वरून धीमी धार सोडीत कॉफी गाळणे ही काही नव्या पोरांची चैन नव्हे. ड्रेस्डेन शहरातील मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद, भोके पाडलेल्या पितळी भांड्यात घालून गाळ अडविला, तेव्हापासून ही रीत चालत आलेली आहे. १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी. पैकी ४० ग्रॅम प्रथम शिंपडून पाऊण मिनिट थांबावयाचे, म्हणजे भाजणीच्या वेळी दाण्यात कोंडलेला वायू निघून जातो व पूड फुगून वर येते. मग उरलेले पाणी गोलाकार धारेने ओतावे, आणि सुमारे तीन मिनिटांत प्रकरण निकालात निघावे. या पुड्यातील पूड कधी फुगली म्हणून नाही. पाणी शंकूत तुंबून राही, आणि खाली जे उतरे ते काळेकुट्ट, करपलेल्या गुळाच्या वासाचे.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा शेठजींनी तराजूवरची नजरही काढली नाही. "काका, तुमच्या निफाडचं पाणी जड आहे," हा पहिला निवाडा. आरओचे पाणीही वापरून पाहिले असे सांगताच, "मग धार जोरात पडत असेल," हा दुसरा. आणि तिसरा, ज्याचा सल अद्याप गेलेला नाही, तो असा : "एवढं कशाला करता? दुधात उकळा, जायफळ टाका, काही कळत नाही." मागे उभी असलेली गिऱ्हाइके हसली. न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मगावी राहणाऱ्याने पुराव्यावाचून हुज्जत घालू नये, म्हणून मी निमूट परतलो.

पुरावा मिळाला तो काचेच्या पेल्यात. थंड पाण्यावर त्या पुड्यातील चिमूटभर पूड भुरभुरविली. काही कण तरंगत राहिले. उरलेले एकेक करून बुडू लागले, आणि बुडताना प्रत्येकाच्या मागे तपकिरी रंगाची बारीक रेघ पाण्यात उतरत गेली. कॉफी तरंगते, चिकोरी रंग सोडीत तळाशी जाते, ही भेसळ ओळखण्याची जुनी परीक्षा आहे. पाण्याची, धारेची व माझ्या हाताची त्याच क्षणी निर्दोष सुटका झाली.

चिकोरी हा गुन्हा नव्हे, हेही नमूद करतो. दाक्षिणात्य घरांत ती आवडीने घालतात. पण मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे, असा कायदा आहे. ज्या तालुक्यात द्राक्षाचा मणी मिलिमीटरने मोजला जातो आणि गोडी तपासल्यावाचून पेटी परदेशी जात नाही, तेथील माणसाच्या हाती कोरा कागदी पुडा ठेवावा, याला धाडस म्हणावे की तुच्छता, ते वाचकांनी ठरवावे.

तेव्हा या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांनी दळलेली पूड घेऊच नये. अख्खे भाजके दाणे घ्यावेत, कारण दाण्यात चिकोरी लपत नाही. भाजणीची तारीख पाहावी, आणि घरच्या लहान चक्कीवर रव्याइतपत जाडसर दळावे. पावतीवर मालाचे नाव लिहून घ्यावे; माझ्या पावतीवर 'किराणा' एवढेच होते. भांडी स्वच्छ ठेवावीत, घाई करू नये, हे सांगावयास नकोच.

पाण्याबद्दल मात्र दोन शब्द अधिक, कारण शेठजींच्या आरोपात तेवढाच तथ्यांश होता. बोअरच्या जड पाण्यातील क्षार कॉफीचा सुखद आंबटपणा मारून टाकतात, आणि निव्वळ आरओच्या पाण्याने ती पोकळ लागते. दोन्ही मिसळून आपापल्या घरचे प्रमाण बसवावे. आपले हे पठार उंचावर असल्याने पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून उकळी आल्यावर ते फार वेळ निवू देऊ नये. पौष महिन्यात, कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात आणि बागाईतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवितात, तेव्हा चिनी मातीचा शंकू पाण्यातली ऊब आधीच शोषून घेतो आणि कॉफी आंबट, अर्धकच्ची उतरते. अशा सकाळी कागदासह शंकूवर कढत पाणी ओतून ते फेकून द्यावे. कागदाचा वासही त्याने जातो.

पुडा घेऊन मी पुन्हा त्या पेढीवर गेलो आणि पेलाभर पाणी मागितले. पाणी नसल्याचे सांगण्यात आले. पैसेही परत मिळाले नाहीत. त्याऐवजी शेठजींनी वेलचीपुडीचे एक पाकीट पुढे सरकविले, ते मी त्यांच्या गल्ल्यावरच ठेवून आलो.