पंचवीस पानांचा स्वयंपाक

दिवाळी आली आणि तिच्या पाठोपाठ लग्नसराई सुरू झाली, म्हणजे घरोघरी पाहुण्यांची वर्दळ वाढते. एरव्ही चार-पाच माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या घरात एखाद्या रात्री पंचवीस पाने वाढावयाची असतात. स्वयंपाक करणारी व्यक्ती दिवसभर कचेरीत किंवा शाळेत कामाला असली, तर निम्मे पदार्थ आदल्या रात्री करून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. यात गैर काही नाही. मात्र पाच माणसांचे अन्न आणि पंचवीस माणसांचे अन्न यांत केवळ मापाचाच फरक नसतो, ही गोष्ट बहुधा ध्यानात येत नाही.

समजा, रात्री दहा वाजता छोल्यांचे मोठे पातेले शेगडीवरून उतरविले आणि झाकण घालून ओट्यावर ठेवले. उकळल्याने जंतू मेले, वर झाकण आहे, तेव्हा आता सकाळपर्यंत चिंता नाही, असे घरच्या मंडळींना वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स नावाचे सूक्ष्मजंतू मातीत, धुळीत, तसेच माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत आढळतात. प्रतिकूल परिस्थितीत ते बीजाणूंचे रूप घेतात आणि त्यांतील काही बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. या जंतूंना प्राणवायू मानवत नाही. उकळण्याने अन्नातील प्राणवायू निघून जातो आणि इतर जंतूही मरतात. म्हणजे आपणच त्यांच्यासाठी शेत नांगरून ठेवतो, म्हणा ना!

अन्न निवत निवत ४५ अंश सेल्सियसच्या आसपास आले, की या जंतूंची संख्या सुमारे दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. विद्यार्थ्यांनी हा हिशेब पाटीवर करून पाहावा. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूचे २,६२,१४४ जंतू! असे अन्न खाल्ल्यानंतर सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात. तोवर पाहुणे आपापल्या घरी पोचलेले असतात, त्यामुळे यजमानाला कित्येकदा याचा पत्ताही लागत नाही. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत बरा होतो. वृद्धांना आणि लहान मुलांना मात्र हेच दुखणे जड जाऊ शकते.

आता पातेल्याचे मोठेपण येथे का नडते, ते पाहू. पातळ सारात गरम भाग वर येतो, गार भाग खाली जातो आणि उष्णता लवकर बाहेर पडते. दाट छोले, खीर किंवा भात यांत अशी हालचाल जवळजवळ होत नाही. उष्णता कणाकणाने वाट काढीत बाहेर येते. अशा अन्नाच्या थराची जाडी दुप्पट केली, तर ते निवण्यास साधारण चौपट वेळ लागतो. थर चौपट जाड केला, तर सोळापट! भांड्याच्या आकाराने व बाहेरच्या हवेने हा हिशेब थोडाफार बदलेल. पण वाटीतली खीर तासाभरात निवते आणि पातेल्यातली मध्यरात्रीनंतरही मधोमध कोमट राहते, याचे कारण हेच.

“उद्या पुन्हा उकळी आणू” हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही. खूप तापविल्याने छोल्यांतील वाढलेले जंतू मरतात, हे खरे. परंतु भातात वाढणारा बॅसिलस सिरियस आणि हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात पडणारा स्टॅफिलोकॉकस हे अन्नातच विष तयार करून ठेवतात, आणि ते विष उकळण्याने नष्ट होत नाही. १९१४ साली फिलिपाइन्समध्ये बार्बर या संशोधकाने एका गोठ्यातील दुधाची अशीच परीक्षा केली होती. ताजे असता ते दूध बाधत नसे. काही तास तसेच ठेवल्यावर बाधे. हे त्याने स्वतः दूध पिऊन ठरविले!

तेव्हा आदल्या रात्री काय करावे, याची निवड विचारपूर्वक करावी. गुजरातेत रांधण छठीला स्वयंपाक करून दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमीला, चूल न पेटवता तेच अन्न खाण्याची चाल आहे. त्यात थेपले, वडे, सुखडी असे पदार्थ असतात. ज्या अन्नात पाणी कमी, त्यात जंतूंची वाढ कठीण होते. चिवडा, शंकरपाळी, लाडू हे आठवडाभर आधी करण्यास हरकत नाही. श्रीखंड आदल्या दिवशी करावे, कारण त्याला आंबटपणाचे व साखरेचे संरक्षण असते. तरी ते थंडच ठेवावे. वाटण, चिरलेल्या भाज्या, मळलेली कणीक शीतकपाटात ठेवून देता येते. भात मात्र पाने मांडण्यापूर्वीच शिजवावा.

छोले आदल्या रात्रीच करावयाचे असतील, तर पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून स्वच्छ डावाने ढवळावे, आणि वाफ ओसरताच छोले उथळ डब्यांत, चार-पाच सेंटिमीटरहून जाड थर होणार नाही असे काढून शीतकपाटात ठेवावेत. गरम वस्तू शीतकपाटात कधीच ठेवू नये, या समजुतीने अन्न रात्रभर बाहेर ठेवणे अधिक वाईट. शिजलेले अन्न सामान्य हवेत दोन तासांहून अधिक राहू नये; कडक उन्हाळ्यात तर एका तासाहूनही अधिक नको. वाढतेवेळी ते खळखळून तापवावे आणि पंगत लांबली तर मंद आचेवर ६० अंशांच्या वर ठेवावे.

पंगत उठल्यावर उरलेले अन्न पाहुण्यांबरोबर डब्यात भरून देण्याची आपल्याकडे रीत आहे. डबा देताना तो पदार्थ किती वेळ बाहेर राहिला होता, हे आधी आठवावे. भात किंवा खीर दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिली असल्यास ती देऊ नये, लाडू द्यावेत.