कडक लिही, पण कागद दाखव

लिंबायत, सुरत

चि. भाचीस,



शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या स्वाऱ्यांवरील त्या पुस्तकाविषयी तू लिहिलेलं मत मिळालं. ग्रंथालयाच्या अंकाला देण्याआधी मला दाखवावंसं वाटलं, याचा आनंद झाला. ताईचा फोन त्याआधीच आला होता. ‘‘तुझी भाची फार तिखट लिहायला लागलीय, जरा समजाव तिला,’’ म्हणाली. समजावतो आहे, पण ताईला हवं तसं नाही. तिखटपणा कमी कर, असं मी तुला मुळीच सांगणार नाही. पदरचे पैसे मोडून इतिहासाचं पुस्तक घेणाऱ्या माणसाच्या हाती पोकळ मजकूर पडला, तर त्यानं तो पोकळ आहे असं सरळ लिहावं. आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकांवर येणारे बहुतेक अभिप्राय प्रकाशन समारंभातल्या भाषणांसारखे गोड असतात आणि त्या गोडव्यानं पुष्कळ नुकसान केलं आहे. चांगल्या आणि वाईट पुस्तकाला सारखीच शाल मिळू लागली, तर कष्ट करणाऱ्या लेखकानं कष्ट कशासाठी करायचे?

माझी तक्रार वेगळी आहे. तुझं मत पुरेसं कडक झालेलंच नाही. ‘रटाळ’, ‘टाकाऊ’, ‘लेखकाला इतिहास कळत नाही’ असे शब्द आहेत, पण कुठल्या पानावर काय चुकलं आणि ते चुकलं हे कशावरून, हे सांगणारी वाक्यं फार थोडी आहेत. राग पोहोचतो, आरोप सिद्ध होत नाही. अशा मताला लेखक एका वाक्यात उडवून लावील आणि वाचणारेही ‘पोरगी रागावलीय’ म्हणून पान उलटतील.

तुझ्याच वयाच्या एका वाचकाची गोष्ट तुला माहीत असायला हवी. जेम्स ग्रँट डफ हा साताऱ्याला रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली इंग्रजीत तीन खंडांत निघाला. कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचं मराठी भाषांतर केलं आणि ‘मराठ्यांची बखर’ म्हणून ते शाळांतून चालू लागलं. राज्यकर्त्याच्या माणसानं लिहिलेला, सरकारमान्य इतिहास. मुलं तो पाठ करत, मास्तर तो घोकून घेत. 1867-68 च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या, पुण्यात शिकणाऱ्या विशीतल्या तरुणानं या ग्रंथावर टीका करणारा निबंध लिहिला. 1857 ला जेमतेम दहा वर्षं झालेली, समोर साहेबाचं पुस्तक आणि हातात कसलाही अधिकार नाही. तरी त्यानं देशी बखरी आणि कागद पुढे ठेवून डफची विधानं तपासली. मराठीत इतिहासाच्या ग्रंथाची खरी झडती घ्यायची सुरुवात तिथून झाली, असं मी मानतो.

आणि तो निबंध लिहून कीर्तने थांबले नाहीत, हे मला त्याहून मोठं वाटतं. पुढे त्यांनी मल्हार रामराव चिटणिसांची शिवछत्रपतींवरची बखर संपादून छापली, नयचंद्र सूरीचं ‘हम्मीरमहाकाव्य’ संपादलं. डफच्या ग्रंथात जे नाही ते नाही म्हणून सांगितलं आणि मग ते लोकांच्या हाती दिलं. 1878 साली मोडक, साने या मंडळींनी ‘काव्येतिहाससंग्रह’ काढून जुने कागद महिन्याच्या महिन्याला छापायला घेतले. राजवाड्यांनी तर कमालच केली. वाईत सापडलेल्या कागदांवरून 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत डफची पुन्हा उलटतपासणी केली. राजवाड्यांची भाषा तू वाचलीस तर तुझं मत तुला अगदी सौम्य वाटेल. पण त्या भाषेच्या पाठीमागे अस्सल पत्रांचा ढीग होता. पुढे एकामागून एक असे त्या साधनांचे 22 खंड झाले.

यदुनाथ सरकारांचं इंग्रजी शिवचरित्र 1919 साली आलं, तेव्हाही पुण्यातल्या संशोधकांनी त्यावर सडकून टीका केली. त्याच काळात पुण्याचं शिवचरित्र कार्यालय कामाला लागलं होतं. 1930 साली न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांनी संपादलेला ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ बाहेर पडला, पाठोपाठ इंग्रजांच्या वखारींतल्या शिवाजी महाराजांविषयीच्या कागदांचा इंग्रजी खंड निघाला. आपल्या सुरतेच्या वखारीतली पत्रं त्यातच आहेत. तू ज्या पुस्तकावर चिडली आहेस, त्याच्या लेखकानं हे खंड उघडून पाहिले असते तर तुझ्यावर ही वेळच आली नसती. तू ते उघड. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ तुझ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आम्हा सुरतकरांना ते सुख नाही.

आता तुझ्या मतातले मुद्दे घेतो. तारखेवरून तू लेखकाला धारेवर धरलं आहेस. एका प्रकरणात महाराज 6 जानेवारी 1664 ला सुरतेपुढे आले, दुसऱ्यात 16 जानेवारीला. ‘साधी तारीख धड लिहिता येत नाही,’ असं तू म्हणतेस. पोरी, त्या दोन्ही तारखा एकाच बुधवारच्या आहेत. इंग्रज त्या वेळी युरोपातलं जुनं पंचांग वापरत, डच नवं, आणि त्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर होतं. म्हणजे तारीख चुकलेली नाही. दोष असा की एक तारीख इंग्रजी कागदावरून उचलली, दुसरी डच, आणि वाचकाला त्याचा पत्ताच लागू दिला नाही. असं लिहिलंस तर लेखकाला उत्तर देता येणार नाही. आत्ता लिहिलं आहेस तसं छापलंस, तर तो तुलाच दोन ओळींत गप्प करील.

दुसरी गोष्ट तू अजिबात पकडलेली नाहीस आणि पुस्तकातली सगळ्यात मोठी उणीव तीच आहे. त्या चार-पाच दिवसांचं वर्णन करताना लेखकानं फक्त बर्निए या फ्रेंच प्रवाशाची साक्ष काढली. फादर अँब्रोज या कॅपुचिन पाद्र्याच्या घराला हात लावला नाही, डचांचा एक दानशूर दलाल वारला होता, त्याचं घरही सोडलं, या बर्निएच्या गोष्टी आहेत. त्या सांगायलाच हव्यात. पण बर्निए तेव्हा सुरतेत नव्हता, त्यानं ऐकलेलं लिहिलं. सुरतेत होता तो एस्कॅलिओट, इंग्रज वखारीचा पाद्री. त्याचं पत्र त्याच महिन्यातलं आहे. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज तर पकडला जाऊन महाराजांच्या छावणीतच होता. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, त्यानं बोलणी करायच्या मिषानं पाठवलेल्या माणसानं महाराजांवर कट्यार चालवली, आणि त्यानंतर छावणीत कैद्यांचे हात आणि डोकी कशी उतरली, हे या इंग्रजांच्या हकिकतींत येतं. वाचताना अंगावर काटा येतो. हे इंग्रज वखारीत कोंडलेले, घाबरलेले, महाराजांना शत्रू समजणारे होते, हेही विसरायचं नाही. पण त्यांचा कागद वजनानं कमी धरायचा की जास्त, हे वाचकापुढे ठेवून मग ठरवायचं. आवडती साक्ष ठेवून नावडती गाळणं याला इतिहास म्हणता येत नाही. तुझ्या मतात या एका मुद्द्यावर तू दोन पानं खर्ची घाल, बाकी सगळं अर्ध्या पानात आटप.

शेवटच्या प्रकरणात ‘महाराजांच्या स्वाऱ्यांनी सुरत कायमची बसली’ असं विधान आहे ना? त्यावर तू काहीच लिहिलेलं नाहीस, बहुधा ते तुला आवडलं म्हणून. मला आवडलं नाही, कारण ते खरं नाही. 1664 नंतर ऑक्टोबर 1670 मध्ये दुसरी स्वारी झाली, पुढची काही वर्षं व्यापारी नुसत्या वावड्यांनीही हादरत होते, हे सगळं खरं. पण अठरावं शतक उजाडलं तेव्हा मुल्ला अब्दुल गफूरसारख्यांची स्वतःची जहाजं सुरतेच्या बंदरातून तांबड्या समुद्राकडे जात होती. सुरतेचा उतार त्यानंतरचा, आणि मोगल, इराणचे सफवी व तुर्क या तिन्ही सत्ता खिळखिळ्या झाल्याशी तो जोडलेला आहे, हे अशीन दास गुप्ता यांनी 1979 साली सुरतेच्या व्यापाऱ्यांवरच्या पुस्तकात फार नीट मांडलं आहे. आपल्याला अभिमान वाटेल अशा विधानावर लाल खूण करता आली पाहिजे. वाचक म्हणून तुझी खरी परीक्षा तिथे आहे.

मी हे सुरतेत बसून लिहितो आहे, त्याचाही यात भाग आहे. माझ्या वर्गात खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची मुलं असत. घरी अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर गुजराती. शाळेतून जुन्या शहरात गेलं की बुऱ्हाणपुरी भागळ लागते. महाराजांचा तळ पडला तो याच बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत. त्या मुलांना मी या स्वारीचा धडा शिकवायचो तेव्हा खिडकीखालचं गावही तेच असायचं. ज्यांच्या पूर्वजांची दुकानं जळाली ते सुरती लोक आज आमचे शेजारी आहेत, घारी पाठवतात, लग्नाला बोलावतात. मराठी लेखक सुरतेवर लिहितो तेव्हा ते पुस्तक सुरतेतला माणूसही वाचू शकतो, ही जाणीव मला फार थोड्या पुस्तकांत दिसली. तुझ्या मतातही ती नाही.

सुरतेच्या ‘संस्कृती’वरची पुस्तकं तर आणखी निराश करतात. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ ही म्हण, मग उंधियुं, पोंक, पतंग, जरी, संपलं. लूमच्या खडखडाटात आयुष्य काढलेला लिंबायतचा, उधन्याचा, पांडेसऱ्याचा माणूस त्यांत औषधालाही नसतो. अशा माणसांविषयी पुढे कधीतरी लिही.

तीक्ष्ण लेखणीनं वाया गेलेलं एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांएवढं धारदार मराठी गद्य त्या काळात कुणाचं नव्हतं. ‘निबंधमाले’त त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेतला तो बराचसा भाषेवरून, व्याकरणावरून, खिल्ली उडवत. ‘गुलामगिरी’ 1873 ची. तीत जो प्रश्न विचारला होता, त्याला त्या टीकेत उत्तर नाही. पुढे दहा वर्षांनी जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, आज तो प्रत्येक अभ्यासक उघडतो. शास्त्रीबोवांचं व्याकरण अचूक होतं आणि टीका नेम चुकलेली होती. तुझ्या मतात लेखकाच्या शुद्धलेखनावर जो परिच्छेद आहे, तो म्हणून काढून टाक. त्याच्या आडनावावरचं ते अर्धं वाक्य तर आधी काढ, ते वाचून मला वाईट वाटलं.

इथे सुरतेतही जवळपास त्याच सुमारास एक चांगला पायंडा पडला. नंदशंकर मेहतांची ‘करणघेलो’ ही गुजरातीतली पहिली कादंबरी 1866 ची, आणि तीही इतिहासावरची. तिची चिकित्सा करणारे नवलराम पंड्या सुरतेचेच, नंदशंकरांच्याच पिढीचे. गुजरातीतले पहिले समीक्षक म्हणून लोक त्यांचं नाव घेतात. एका गावच्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांतही परखड बोलता येतं आणि नातं टिकतं.

आणि पुस्तकावरचा राग कुठवर जाऊ शकतो, तेही तू ज्या शहरात राहतेस तिथेच घडलं आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाला पुण्यातल्या जाणत्या इतिहासकारांनी लेखी आक्षेप घेतला, 2003 मध्ये प्रकाशकांनी ते मागे घेतलं. एवढ्यानं काम झालं होतं. तरी 5 जानेवारी 2004 ला जमावानं भांडारकर संस्थेत शिरून मोडतोड केली. ज्या संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिथली पोथ्या-पुस्तकं जमिनीवर विखुरली. आक्षेप घेणारी पत्रं आणि ती मोडतोड यांत फरक न करणारी माणसं तुला भेटतील. त्यांच्यात तुझी गणना होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

तर मत पुन्हा लिही. पानांचे आकडे घाल. बर्निए आणि एस्कॅलिओट दोघेही मुळातून वाच, माझ्या पत्रावर विसंबू नकोस. पुस्तकात जे चांगलं आहे, उदाहरणार्थ सुरतेच्या कोटाचा आणि दरवाज्यांचा तो नकाशा, त्याचं श्रेय एका ओळीत मोकळ्या मनानं दे. निकाल मात्र बदलू नकोस. पुस्तक निराशा करणारंच आहे आणि ते तसं म्हणायला तू घाबरू नकोस. अंकाला देशील तेव्हा एक प्रत लेखकालाही टपालानं पाठव, खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहून.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा